दहा सोप्या गोष्टी

पोर्तोत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
नगरपालिकेची पिशवी खांद्याला लावून
मी दारोदार पत्रकं वाटत होते.
गुळगुळीत कागद, कोपऱ्यात हिरवं पान,
वर ठळक: घर पर्यावरणस्नेही करा, दहा सोप्या गोष्टी.
दर सहीमागे मला पन्नास सेंट.

चौथ्या मजल्यावर देओलिंदा.
घंटेच्या जागी दोन उघड्या तारा.
"हात आहेत ना?" म्हणाली, "दार वाजवायचं."
तरी आत घेतलं, कारण मला धाप लागली होती.

चष्मा लावून तिनं वाचायला घेतलं, मोठ्यानं.
भाज्या धुतलेलं पाणी झाडांना घाला.
तिनं खिडकीतल्या जिरॅनियमकडे पाहिलं,
जणू साक्ष त्यानंच द्यावी.
कपडे यंत्राऐवजी उन्हात वाळवा.
काही न बोलता तिनं खिडकी ढकलली.

चौकाच्या पोकळीवरून दोरी, दोन्ही टोकांना कप्पी,
पलीकडची कप्पी एव्हारिस्तोच्या खिडकीला.
सोमवार-गुरुवार तिचे, मंगळवार-शुक्रवार त्याचे,
बुधवारी तो कप्प्यांना शिलाई मशीनचं तेल घालतो.
सतरा वर्षं दोघं बोललेले नाहीत.
कशावरून, ते आता सांगता येत नाही,
पण पाऊस ज्याला आधी दिसतो
तो दोरी ओढून दुसऱ्याचेही कपडे आत घेतो,
घड्या घालतो,
आणि उघडीप झाली की गाठोडं कप्पीवरून परत धाडतो.

कोपऱ्यात ड्रायर, लक्झेंबर्गहून मुलानं पाठवलेला.
वर विणलेला रुमाल, त्यावर बटाट्यांची टोपली.
"चांगला आहे," ती म्हणाली, "ओल धरत नाही."

सातव्या ओळीशी थांबली.
"शिळ्या पावाचं काय करावं, हे मला छापून सांगतात."
हसली नाही.
"माझी आई त्याला लसूण आणि उकळतं पाणी दाखवून
पाच माणसांचं रात्रीचं जेवण उभं करायची.
कोंड्याचा मांडा, दुसरं काय.
तेव्हा त्याला हिरवं म्हणत नव्हते.
तेव्हा जे म्हणायचे, ते मी शाळेत लपवायचे.
रफू केलेला मोजा बुटात लपतो,
डबा उघडला की लसूण लपत नाही.
पहिला पगार झाला त्या दिवशी मी ताजा पाव घेतला
आणि अर्धा नदीत फेकला.
भूक नव्हती म्हणून नाही.
फेकता येतो म्हणून."

मी पेन उघडून बसले होते.
सहीची जागा दाखवावी की नाही, कळेना.

मग दहावी. टीव्ही बटणानं बंद करा,
तो लाल ठिपकाही वीज खातो.
"हे," ती म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं."
आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच म्हातारी दिसली.
"रात्रभर असतो तो.
ओरलांदू गेल्यापासून
मी त्याच्याकडे तोंड करून झोपते."
थोड्या वेळानं: "किती खातो?"
फार नाही, मी म्हणाले.
"फार नाही म्हणजे किती?"
आकडा पत्रकात नव्हता.

सही तिनं केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.
पत्रक उलटसुलट करून बोटानं चोळलं:
पाणी शोषत नाही,
सालींच्या बादलीत तळाला घालायला बिनकामाचं.
"पुढच्या खेपेला," म्हणाली, "साध्या कागदावर छापा."

उतरताना तिसऱ्या मजल्यावरच्या झरोक्यातून
दोरी वर सरकताना दिसली.
उशीचा एक अभ्रा,
तिचा की त्याचा, खालून ओळखू येईना.

रात्री माझ्या भाड्याच्या खोलीत
दिवा घालवून मी ठिपके मोजले.
राउटर, चार्जर, स्पीकर, घरमालकाचा जुना मायक्रोवेव्ह,
कपाटामागे एक, जो कशाचा हे मला आजवर माहीत नव्हतं.
सात.
गुडघ्यांवर रांगत एकेक प्लग काढला.
सहा काढले.
सातव्यापाशी हात नेला,
आणि तसाच झोपायला गेले.